विमा कंपनीशी वाद : नकाराच्या पत्रापासून निकालाच्या अंमलापर्यंत

बाजारातून आणलेली वस्तू घरी येताच पारखता येते. विम्याची पारख मात्र आजारपण, अपघात, आग किंवा मृत्यू ओढवल्यानंतरच होते आणि त्या वेळी विमेदार अथवा त्याचे कुटुंबीय भांडण्याच्या मनःस्थितीत नसतात. नेमक्या अशाच वेळी कंपनीचे दोन परिच्छेदांचे पत्र येते आणि 'पॉलिसीच्या अमुक कलमानुसार आपला क्लेम नामंजूर करण्यात येत आहे', एवढाच बोध त्यातून होतो. पुढे कोणाचे दार ठोठवायचे, किती दिवसांत आणि कोणत्या क्रमाने, याची कल्पना बहुतेकांना नसते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण काही दारे दुसऱ्या दारातून आत गेलेल्या माणसासाठी बंद होतात.

येथे भाषेची एक अडचण आधीच दूर केलेली बरी. कंपनीकडे केलेली मागणी आणि न्यायालयात दाखल केलेली फिर्याद, या दोन्हींना मराठीत 'दावा' असेच म्हणतात. या लेखात पहिल्याला सर्वांच्या तोंडी असलेला 'क्लेम' हा शब्द ठेवला आहे आणि 'दावा' हा शब्द न्यायालयातील कज्जासाठी राखून ठेवला आहे.

नकाराचे पत्र

क्लेम नाकारल्याचे पत्र अनेक जण संतापाने बाजूला टाकतात. प्रत्यक्षात पुढील संपूर्ण लढाईतील तो सर्वांत मौल्यवान कागद असतो. त्याची कारणे दोन. पहिले असे, की मुदतीची मोजणी सामान्यतः त्या पत्राच्या तारखेपासून सुरू होते. दुसरे असे, की कंपनी पुढे त्या पत्राला बांधली जाते. पत्रात जे कारण दिलेले नाही, ते नंतर आयोगासमोर किंवा न्यायालयात नव्याने उभे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि पुन्हा २०१९ साली सांगितले आहे. तेव्हा नकार तोंडी मिळाला असेल, दूरध्वनीवर किंवा एजंटामार्फत कळला असेल, तर लेखी कारण मागून घ्यावे. 'फाइल बंद केली' असा मोघम ई-मेल आल्यास कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या पुराव्याच्या आधारे, असे लेखी विचारावे.

त्याबरोबरच कंपनीकडून चार कागद मागून घ्यावेत : प्रस्ताव अर्जाची प्रत, अटींसह संपूर्ण पॉलिसी, सर्वेक्षक किंवा तपासनीसाचा अहवाल आणि कंपनीने रुग्णालयाकडून मिळवलेली कागदपत्रे. पॉलिसीचे पहिले पान हाती आणि अटींची पुस्तिका कधी मिळालीच नाही, ही स्थिती सर्रास आढळते. ती तक्रारदाराच्या बाजूचीही ठरू शकते. वगळणुकीची जी अट विमेदाराला कधी कळवलीच नाही ती त्याच्यावर बंधनकारक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिला आहे.

आरोग्य विम्याच्या बाबतीत २०२४ पासून आणखी एक संरक्षण आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार, कंपनीच्या अंतर्गत समितीच्या संमतीशिवाय क्लेम नाकारता येत नाही आणि नाकारताना पॉलिसीतील विशिष्ट अटीचा उल्लेख करावा लागतो. एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याने किंवा मध्यस्थ टीपीएने परस्पर पाठवलेले पत्र पुरेसे ठरत नाही.

'माहिती लपवली' हा आक्षेप

आयुर्विमा असो वा आरोग्य विमा, मोठ्या रकमेचे वाद बहुतेक याच एका आक्षेपाभोवती फिरतात. विम्याचा करार हा परम सद्भावाचा करार मानला जातो. जोखमीचे मोल ठरवताना कंपनीच्या निर्णयावर ज्याचा परिणाम होईल अशी प्रत्येक बाब प्रस्तावकाने सांगितली पाहिजे, हे तत्त्व जुने आहे. प्रश्न असतो तो कोणती बाब 'महत्त्वाची' आणि ती लपवली हे सिद्ध कोणी करायचे, हा.

आयुर्विम्यापुरते कायद्याने याचे उत्तर काळाच्या भाषेत दिले आहे. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने मोठा बदल झाला. पॉलिसी दिल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून किंवा बंद पडलेली पॉलिसी पुनरुज्जीवित केल्यापासून, यांपैकी जी तारीख सर्वांत नंतरची, तिच्यापासून तीन वर्षे उलटल्यावर कंपनीला त्या पॉलिसीवर कोणत्याही कारणास्तव आक्षेप घेता येत नाही. 'कोणत्याही कारणास्तव' या शब्दांत फसवणुकीचाही समावेश होतो. तीन वर्षांच्या आत मात्र फसवणूक किंवा महत्त्वाच्या माहितीची लपवणूक या कारणांनी पॉलिसी रद्द करता येते. त्यातही फसवणुकीचा हेतू नसून केवळ चुकीची माहिती दिली गेली असेल, तर भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे. पुनरुज्जीवनाची तारीख येथे अनेकांना दगा देते. दहा वर्षांपूर्वीची पॉलिसी मध्ये वर्षभर बंद राहिली आणि नव्याने आरोग्य घोषणापत्र देऊन सुरू केली, तर तीन वर्षांचे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आरोग्य विम्यात याच धर्तीवर साठ महिन्यांची मर्यादा आहे. सलग साठ महिने संरक्षण चालू राहिल्यानंतर, सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. ही मर्यादा पूर्वी आठ वर्षांची होती. एप्रिल २०२४ पासून ती पाच वर्षांवर आली. कंपनी बदलून पॉलिसी दुसरीकडे नेली असेल, तर आधीच्या कंपनीकडील वर्षेही यात धरली जातात, म्हणून जुन्या पॉलिसीचे कागद टाकून देऊ नयेत.

न्यायालयांचे निर्णय कधी इकडे तर कधी तिकडे झुकल्यासारखे वाटतात. बारकाईने वाचल्यास त्यांत सूत्र सापडते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने मधुमेह आणि त्यातून उद्भवलेला मूत्रपिंडाचा विकार न सांगणाऱ्या विमेदाराच्या कुटुंबाविरुद्ध निकाल दिला. मृत्यू त्याच विकाराशी निगडित होता. २०१५ साली मणक्याचा आजार न सांगितलेल्या, पण हृदयविकाराने मृत्यू पावलेल्या विमेदाराच्या वारसांना याच न्यायालयाने न्याय दिला. कारण न सांगितलेल्या आजाराचा मृत्यूशी संबंध नव्हता आणि तो जिवावर बेतणाराही नव्हता. डिसेंबर २०२१ मधील प्रकरण प्रवासी आरोग्य विम्याचे होते. विमेदाराने मधुमेह असल्याचे अर्जात स्पष्ट लिहिले होते, अमेरिकेत उतरताच हृदयविकाराचा झटका आला आणि कोलेस्टेरॉलवरील गोळ्यांचा उल्लेख केला नाही म्हणून कंपनीने क्लेम नाकारला. मधुमेह माहीत असूनही कंपनीने पॉलिसी दिली, तेव्हा त्यातून संभवणारी जोखीम तिने पत्करलीच, असे न्यायालय म्हणाले.

दुसऱ्या कंपन्यांकडील पॉलिसी न सांगण्याबाबतही असेच. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तेथे दोनच महिन्यांपूर्वी घेतलेली, जवळपास तेवढ्याच रकमेची पॉलिसी दडवली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र निकाल वारसाच्या बाजूने लागला. तेथे मोठी पॉलिसी सांगितली होती, किरकोळ रकमेच्या पॉलिसी तेवढ्या राहून गेल्या होत्या आणि मृत्यू अपघाती होता. २०१९ च्या निर्णयातील एक भाग मात्र प्रत्येक विमेदाराने ध्यानात ठेवावा असा आहे. अर्ज एजंटाने भरला, मी फक्त सही केली, हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. आपल्याकडे इंग्रजी अर्जावर फुलीच्या खुणेजवळ सही करण्याची जी रीत आहे, ती पाहता हा निर्णय कठोर वाटतो. पण कायदा आज तोच आहे.

पुराव्याचा भार कंपनीवर असतो, हे तक्रारदाराच्या बाजूचे मोठे अस्त्र होय. रुग्णालयाच्या केसपेपरवर निवासी डॉक्टरने घाईत लिहिलेली 'पाच वर्षांपासून रक्तदाब' अशी एखादी ओळ हा बहुधा कंपनीचा एकमेव आधार असतो. ती माहिती कोणी दिली, पूर्वी उपचार कोठे झाले, औषधे कोणी लिहून दिली, हे कंपनीने दाखवले नाही आणि संबंधित डॉक्टरचे प्रतिज्ञापत्रही दिले नाही, तर आयोग अशा नोंदीला फारसे वजन देत नाहीत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आजार नेमका केव्हा निदान झाला याचे प्रमाणपत्र वेळीच घेतलेले असल्यास निम्मे काम होते.

उशिराच्या सबबीबाबतही एक शब्द. वाहनचोरीची खबर पोलिसांना तत्काळ दिली, पण कंपनीला कळवायला उशीर झाला, एवढ्यावरून क्लेम नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले. मालमत्तेच्या विम्यात सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, हे २००९ पासून प्रस्थापित आहे.

कोणते दार आधी?

पहिले दार कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याचे. येथे न्याय मिळेल या आशेपेक्षा पुढच्या पायरीची पूर्वअट म्हणून तरी हे करावेच लागते. कंपनीने दोन आठवड्यांत उत्तर देणे अपेक्षित आहे. तीच तक्रार नियामक प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवता येते. प्राधिकरण स्वतः निवाडा देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते, हे समजून घ्यावे. परंतु तेथील नोंदीमुळे फाइल हलते, हा पुष्कळांचा अनुभव आहे.

त्यानंतरचे दार विमा लोकपालाचे. १९९८ च्या नियमांनी सुरू झालेली ही व्यवस्था आता २०१७ च्या नियमांनुसार चालते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे कार्यालये आहेत. व्यक्तिगत पॉलिसी, समूह विमा तसेच एकल मालकीचे व सूक्ष्म उद्योग यांच्या तक्रारी येथे चालतात. पन्नास लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला आहे. २०२३ पूर्वी ही मर्यादा तीस लाख होती. शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून किंवा महिनाभर उत्तरच न दिल्यास तो महिना संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. दोन्ही पक्षांची तयारी असल्यास लोकपाल मध्यस्थी करतो, अन्यथा आवश्यक कागदपत्रे मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देतो. हा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिने तो तीस दिवसांत अमलात आणायचा असतो. विलंब झाल्यास तक्रारदाराला दररोज पाच हजार रुपये देण्याची तरतूद मे २०२४ च्या परिपत्रकात आहे. मनस्तापाची वेगळी भरपाई मात्र येथे अपेक्षू नये. प्रत्यक्ष नुकसानापुरताच लोकपालाचा अधिकार.

निवाडा विरुद्ध गेला तरी विमेदाराचा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग मोकळा राहतो. उलट क्रम मात्र चालत नाही. तोच वाद आयोगात, न्यायालयात किंवा लवादासमोर प्रलंबित असेल अथवा निकाली निघाला असेल, तर लोकपाल त्याला हात लावत नाही. वकिलाच्या सल्ल्याने थेट आयोगात गेलेल्या अनेकांना हा बिनखर्चाचा मार्ग आपण गमावला हे नंतर कळते. रक्कम पन्नास लाखांच्या आतली आणि वाद प्रामुख्याने कागदोपत्री असेल, तर आधी लोकपाल हेच शहाणपणाचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि जुन्या 'मंचा'चा 'आयोग' झाला. विमेदारांच्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोठा बदल अधिकारक्षेत्राचा आहे. पूर्वी मागितलेली भरपाईही मोजली जात असे; आता फक्त मोबदला म्हणून दिलेली रक्कम, म्हणजे विम्याचा हप्ता मोजतात. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. समजा, एक कोटीच्या मुदत विम्याचा वार्षिक हप्ता वीस हजार आहे; असा एक कोटीचा वाद आता जिल्हा आयोगातच चालेल. या तरतुदीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये फेटाळले. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे नाशिकच्या विमेदाराने कंपनीच्या दिल्लीतील मुख्यालयाची चिंता करण्याचे कारण नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. तक्रार 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून दाखल करता येते.

मुदत दोन वर्षांची. येथे सर्वाधिक घात होतो तो पत्रव्यवहाराने. नकार मिळाल्यावर कंपनीला फेरविचाराची पत्रे पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. ती पहिल्या नकारापासूनच धावत असते. सबळ कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. मुदतीचा काच कंपनीलाही आहे. तिने तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा दिवसांत लेखी उत्तर दिलेच पाहिजे. त्यानंतर आयोगालाही सवलत देता येत नाही, असा घटनापीठाचा निर्णय मार्च २०२० मध्ये झाला. ते प्रकरणही एका विमा कंपनीचेच होते.

व्यावसायिकाने दुकानाचा किंवा गोदामाचा विमा काढला तर तो 'ग्राहक' नव्हे, हा आक्षेप कंपन्या वर्षानुवर्षे घेत आल्या. नुकसानीपासून संरक्षणासाठी घेतलेला विमा नफ्यासाठी नसतो, या आधारे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये तो अमान्य केला. कायद्याला अपेक्षित असलेला तीन महिन्यांतील निकाल प्रत्यक्षात क्वचितच लागतो, हेही सांगितले पाहिजे; रिक्त पदे आणि तारखांचा घोळ यांमुळे वर्षे जातात. बनावट कागदपत्रे, साक्षीदारांची दीर्घ उलटतपासणी असा गुंता असेल, तर आयोग प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकतो. तेथे दावा दाखल करण्याची मुदत तीन वर्षे आहे आणि ती उलटल्यास विलंबमाफीचा मार्ग नाही.

तडजोड

प्रत्येक वाद निकालापर्यंत ताणावा असे नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार विमा सेवा ही सार्वजनिक उपयुक्तता सेवांमध्ये मोडते, म्हणून प्रकरण न्यायालयात जाण्यापूर्वी स्थायी लोकअदालतीकडे अर्ज करता येतो. नेहमीच्या लोकअदालतीत समेट झाला नाही तर प्रकरण जेथून आले तेथे परत जाते. स्थायी लोकअदालत मात्र समेट फसल्यास गुणवत्तेवर निवाडाही देऊ शकते. त्यावर अपील नाही, केवळ उच्च न्यायालयात रिट याचिका. हे हत्यार वेगवान आहे आणि म्हणूनच जपून वापरावे. आयोगात चालू असलेली तक्रारही दोन्ही पक्षांच्या संमतीने मध्यस्थी कक्षाकडे जाऊ शकते.

तडजोड केव्हा स्वीकारावी? अटीचा भंग झाला आहे पण तो मुळावर घाव घालणारा नाही, अशी जी प्रकरणे असतात, त्यांत निकालानेही पूर्ण रक्कम मिळेलच असे नाही. भाड्याने दिलेल्या खासगी वाहनाच्या एका प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच्या 'नॉन-स्टँडर्ड' तडजोडीचे तत्त्व मान्य केले. अशा वेळी कंपनीने सत्तर टक्के देऊ केल्यास नाकारण्यापूर्वी दोनदा विचार करावा. उलट कंपनीचा आधार केवळ केसपेपरवरील एखादी नोंद असेल, तर निम्म्यावर समाधान मानण्याचे कारण नाही.

तडजोडीच्या कागदावर रक्कम, ती देण्याची तारीख, विलंबाचे व्याज आणि कोणाच्या खात्यात ती जमा व्हायची, हे चारही मुद्दे असावेत. 'पूर्ण व अंतिम' असे छापलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर सही केल्याखेरीज पैसे नाहीत, असे सांगण्याची पद्धत जुनी आहे. ती सही फसवणुकीने किंवा दडपणाखाली घेतली असल्यास उरलेल्या रकमेचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले. पण दडपण सिद्ध करण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर असते. नुसता 'नाइलाजाने सही केली' असा मागाहून केलेला युक्तिवाद टिकत नाही. म्हणून सही करावीच लागली, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी निषेधाचा ई-मेल पाठवून ठेवावा.

निकालानंतर

जिल्हा आयोगाच्या आदेशावर पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. अपील कंपनीचे असेल, तर आदेशित रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्याशिवाय अपील दाखलच करून घेतले जात नाही. आदेशाला स्थगिती नसताना कंपनी पैसे देत नसेल, तर तक्रारदाराने त्याच आयोगाकडे दोन अर्ज करावेत. कलम ७१ खालील अर्ज वसुलीसाठी. त्यानुसार आदेशाची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते. कलम ७२ खालील अर्ज शिक्षेसाठी; त्यात एक महिना ते तीन वर्षे कारावास, किमान पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. दुसऱ्या अर्जाची नोटीस अधिकाऱ्याच्या नावाने निघाली, की धनादेश सहसा पुढच्या तारखेपूर्वी येतो. तो आला, की व्याजाचा हिशेब आदेशाशी ताडून पाहावा आणि कमी भरल्यास तसा अर्ज त्याच फाइलीत, प्रकरण बंद होण्याआधी द्यावा.